गव्हाची बर्बन: डॅनव्हिलची एक बाटली आणि आपल्या जिभेवरचे शब्द

पाणथळ

मंडळी, केंटकीत येऊन मला नऊ वर्षं झाली. लेक्सिंग्टनहून कुठल्याही दिशेला गाडी काढा, तासाभरात एखादी भट्टी लागतेच. इतकी वर्षं मी राय (गव्हासारखंच एक धान्य) घातलेलीच बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, पीत आलो. गव्हाची म्हटलं की लोक पॅपी व्हॅन विंकलचं नाव काढतात, मग किमतींच्या गोष्टी सुरू होतात आणि माझं लक्ष उडतं. मागच्या महिन्यात मात्र डॅनव्हिलला गेलो होतो. इथून पस्तीसेक मैल. तिथल्या विल्डरनेस ट्रेल या क्राफ्ट, म्हणजे छोटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भट्टीची गव्हाची बाटली घेऊन आलो, साधारण साठ डॉलर पडले. तीन वेगवेगळ्या दिवशी सावकाश चाखली. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. वरून रंग, साखर, वास काही घालता येत नाही. मक्याच्या जोडीला थोडा मोड आणून सुकवलेला जव असतो, कारण त्यातली विकरं पिष्टाची साखर करतात. तिसरं धान्य बहुतेक ठिकाणी राय. लवंग-मिरीसारखा जो झटका बर्बनमध्ये लागतो, तो बराचसा या रायचा. गव्हाच्या बर्बनमध्ये रायच्या जागी गहू घालतात. बास, एवढाच फरक.

मेकर्स मार्क या गव्हाच्या बर्बनचं प्रमाण ७० टक्के मका, १६ गहू, १४ जव. हेवन हिलच्या लार्सनीत ६८, २० आणि १२. विल्डरनेस ट्रेलमध्ये ६४, २४ आणि १२, म्हणजे गव्हाचा वाटा चांगलाच जास्त. मेकर्स मार्कवाले सांगतात की १९५० च्या दशकात बिल सॅम्युएल्स यांना धान्यांचं प्रमाण ठरवायचं होतं, पण प्रत्येक प्रयोग पिंपात मुरेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मग त्या-त्या धान्याचे पाव भाजून चव पाहिली. मला ही गोष्ट फार आवडते. पीठ मळून, भाजून, खाऊन धान्य ओळखायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

विल्डरनेस ट्रेल काढणारे दोघे, पॅट हाइस्ट आणि शेन बेकर. पहिले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, दुसरे अभियंते. २००६ पासून त्यांची फर्म सोल्युशन्स ही कंपनी इतर भट्ट्यांना यीस्ट पुरवते आणि आंबवताना काय बिघडलं ते शोधून देते. दुसऱ्यांचं आंबवण दुरुस्त करता करता त्यांनी स्वतःची भट्टी टाकली. या बाटलीत मला जे सापडलं त्याचं मूळ इथेच आहे असं माझं मत झालंय.

केंटकीत बहुतेक सगळे 'सावर मॅश' करतात. आदल्या खेपेचं गाळून उरलेलं आंबट पाणी नव्या मॅशमध्ये, म्हणजे आंबवायच्या धान्याच्या लगद्यात, घालतात. हे दोघे 'स्वीट मॅश' करतात, दर खेपेला नवं पाणी. सोपं वाटतं, पण आंबटपणाचं संरक्षण नसल्याने एखादा उपरा जिवाणू शिरला की सगळी टाकी गेली. भांडी, नळ, टाक्या, सगळं लख्ख ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट पिंपात भरतानाची ताकद. कायद्याने १२५ प्रूफपर्यंत, म्हणजे ६२.५ टक्के अल्कोहोलपर्यंत भरता येतं. १९६२ च्या आधी ही मर्यादा ११० होती. हे लोक गव्हाची बर्बन ११० लाच भरतात. ताकद कमी म्हणजे पिंपं जास्त लागतात, खर्च वाढतो. पण लाकडातल्या साखरेसारख्या गोष्टी पाण्यात जास्त विरघळतात, आणि बाटलीत भरताना वरून पाणीही कमी घालावं लागतं.

आणि बाटलीवर 'बॉटल्ड इन बाँड' लिहिलेलं आहे. हा १८९७ चा कायदा. एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या गोदामात निदान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांवर भरलेली. त्या काळी कच्च्या दारूला रंग यावा म्हणून तंबाखूचं पाणी, आयोडीन असलं काय काय घालून विकायचे, त्यावरचा हा उपाय. अन्नशुद्धीचा कायदा इथे १९०६ साली आला. दारूचा त्याच्या नऊ वर्षं आधी.

आता चाखण्याकडे येतो.

दुपारी चारची वेळ, जेवणाला तीन तास झालेले, घरात फोडणीचा वास नाही. ट्युलिपच्या आकाराचा पेला, ३० मिली, बर्फ नाही. ओतून पंधरा मिनिटं तशीच ठेवली. नाक पेल्यात खुपसलं तर नुसता अल्कोहोल झोंबतो, म्हणून पेला हनुवटीपाशी धरून तोंड किंचित उघडं ठेवून वास घेतला.

पहिला वास रव्याचा. शिऱ्यासाठी रवा तुपात भाजताना तो गुलाबी व्हायच्या जरासा आधी जो वास घरभर पसरतो, अगदी तो. त्याच्यामागून सुकं खोबरं, नुसतं नाही, करंजीच्या सारणासाठी भाजलेलं. मग गुळाचा पाक. इंग्रजी परीक्षणांत जिथे तिथे 'बटरस्कॉच' लिहिलेलं असतं. मी लहानपणी साताऱ्यात बटरस्कॉच खाल्लं नव्हतं, त्यामुळे तो शब्द वाचून माझ्या तोंडात काहीच येत नाही. चिक्की म्हटलं की येतं.

पहिला घोट मी मोजत नाही, तो जिभेला सवय व्हावी म्हणून. दुसऱ्या घोटात आधी जाणवला तो पोत. ५० टक्के असूनही घशाला ओरखडा नाही, जिभेवर साईसारखी पसरते. गोडवा आधी मक्याचा, ताज्या भाजलेल्या कणसाच्या दाण्याचा. मग खारीक. मग चिमूटभर जायफळ. गिळल्यावर शेवटी तुरटपणा, कोरी सुपारी चावून टाकल्यावर गालाच्या आत राहतो तेवढाच. हा शेवट मला थोडा आखूड वाटला.

मग चमचाभर पाणी घातलं. ३० मिलीत ५ मिली पाणी म्हणजे ताकद ४३ टक्क्यांच्या आसपास येते. खोबरं मागे गेलं आणि धान्य पुढे आलं, गरम फुलक्याची वाफ तोंडावर यावी तसं.

माझं म्हणणं एवढंच आहे: यात गव्हाची अशी वेगळी चव शोधायला गेलात तर निराश व्हाल. गहू बाजूला सरकून जागा करून देतो. रायचा झणका नसल्यामुळे मका, लाकूड आणि आंबवण उघडं पडतं. म्हणून गव्हाच्या बर्बनमध्ये भट्टीवाल्याची चूक लपत नाही आणि त्याचं कसबही लपत नाही. तुमचे अनुभव लिहा.

कोकमसार

सुंदर लिहिलंय. मी मडगावची, आमच्याकडे काजूचा हंगाम लागला की आधी हुर्राक, मग फेणी. फेणी साधारणपणे लाकडात मुरवत नाहीत. जी काही चव आहे ती बोंडूची, आंबण्याची आणि गाळण्याची. त्यामुळे गाळणाऱ्याचा हात कुठला हे जुनी माणसं वासावरून सांगतात. बर्बनमध्ये चार-चार वर्षं जळक्या लाकडात ठेवल्यावर गाळणाऱ्याचा हात शिल्लक राहतो का? की सगळं पिंपाचंच?

वळचणीचा_पाहुणा

पाणथळ, लेख आवडला, पण मत पटलं नाही. राय नसली तर बर्बनला कणा नाही. मी न्यू जर्सीत असतो, गव्हाच्या चार-पाच प्यालो आहे. सगळ्या गुळगुळीत. पहिल्या दोन घोटांत छान वाटतं, तिसऱ्याला कंटाळा येतो. मिसळीतून तर्री काढून घेतली तर उरते ती उसळ. 'सौम्य' हा गुण म्हणून का सांगतात तेच मला कळत नाही.

पाणथळ

@कोकमसार, रंग तर सगळा पिंपाचाच. भट्टीतून बाहेर पडते तेव्हा पाण्यासारखी पांढरी असते. व्हॅनिलासारखा वास लाकडातल्या लिग्निनमधून येतो, खोबऱ्याचा ओकमधल्या लॅक्टोनमधून, आणि गुळासारखा वास जळलेल्या थराच्या लगेच आत साखर तांबूस होते तिथून. पण फळांचे वास, माझ्या बाटलीतली ती खारीक, हे पुष्कळसे आंबवताना यीस्टने तयार केलेले असतात. पिंप ते झाकतं, बदलतं, पण नसलेलं आणू शकत नाही. तुमच्याकडच्या जुन्या माणसांना मी मानतो. त्यांना ही द्यायला हवी, ते यीस्टचा वास आधी पकडतील.

@पाहुणा, सौम्य हा गुण आहे असं मीही म्हणत नाही. पाणचट आणि सौम्य यांत फरक आहे. ४० टक्क्यांवर आणलेली, कमी मुरलेली गव्हाची बर्बन पाणचटच लागते, ते मान्य. म्हणूनच ५० टक्क्यांची घेऊन बघा असं सुचवतो. तुमची उपमा मात्र पक्की लक्षात राहिली. माझं उत्तर असं की उसळ चांगली शिजली आहे का, हे तर्री काढल्यावरच कळतं.

मधली_सुट्टी

माझा एक भाबडा प्रश्न. सावर मॅश म्हणजे विरजणासारखंच झालं ना? कालचं ताक घालून आजचं दही लावायचं?

उंबरठा

मधली_सुट्टी, प्रश्न भाबडा अजिबात नाही, आमच्या वर्गातही हाच गैरसमज असतो (मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते). विरजणात जिवंत जिवाणू असतात, तेच पुढचं दूध आंबवतात. सावर मॅशमध्ये घालतात ते पाणी गाळण्याच्या भांड्यातून उकळून आलेलं असतं. त्यात यीस्ट जिवंत राहिलेलं नसतं. यीस्ट दर वेळी नव्याने घालावं लागतं. ते पाणी घालायचं ते आंबटपणासाठी. मॅशचा सामू खाली आला की नको ते जिवाणू वाढत नाहीत आणि यीस्टला निवांत काम करता येतं. चिंच-कोकम घातलेली आमटी लवकर विटत नाही, त्या जातीचं हे काम.

म्हणून पाणथळ यांनी लिहिलेली स्वच्छतेची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. आंबटपणाची ढाल काढून टाकायची म्हणजे टाकीच्या प्रत्येक जोडावर, रबरी वायसरवर लक्ष ठेवायचं. एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञच हे धाडस करेल. मी स्वतः पीत नाही, पण हा धागा शेवटपर्यंत वाचणार आहे.

रानजाई

मी ओहायोत असते. गव्हाच्या बर्बनचा माझा पहिला अनुभव वाईट होता. इथल्या एका छोट्या भट्टीत (नाव लिहीत नाही, माणसं मनापासून काम करणारी आहेत) फेरी मारली आणि उत्साहात त्यांचीच गव्हाची बाटली घेतली. वय चौदा महिने. रंग असा गडद की आठ वर्षांची वाटावी. घरी येऊन उघडली तर सुताराच्या दुकानात शिरल्यासारखं. ओल्या भुश्श्याचा वास आणि तोंडात हरडा चघळल्यासारखा तुरटपणा, वर कच्च्या पिठाची चव तशीच. नवरा म्हणाला, क्राफ्टच्या नादी लागू नकोस. तेव्हापासून लागले नाही. पाणथळदादा, हे गव्हामुळे झालं असेल का?

पाणथळ

रानजाई, गव्हामुळे नाही. तिथे पिंपं लहान होती का ते आठवतं का? नेहमीचं पिंप ५३ गॅलनचं, म्हणजे जवळजवळ २०० लिटरचं. नव्या भट्टीला पाच-सहा वर्षं पैसे अडकवून बसणं परवडत नाही, म्हणून बरेच जण ५, १० किंवा १५ गॅलनची पिंपं वापरतात. लहान पिंपात दर लिटरमागे लाकूड जास्त लागतं, त्यामुळे रंग आणि तुरटपणा झपाट्याने उतरतो. पण मुरणं म्हणजे नुसतं लाकूड उतरणं नव्हे. लाकडाच्या छिद्रांतून हवा हळूहळू आत जाते, कच्चे वास विरतात, आम्ल आणि अल्कोहोल एकत्र येऊन फळांसारखे वास तयार होतात. त्याला वर्षंच लागतात. तुम्ही जे वर्णन केलंय, गडद रंग आणि खाली कच्चं पीठ, ते अगदी याचंच लक्षण आहे. राय असती तर तिच्या तिखटपणाआड थोडं झाकलं गेलं असतं. गव्हाने ते झाकलं नाही.

बाटली घेताना रंग बघू नका, लेबल उलटून वय शोधा. 'स्ट्रेट' लिहिलं असेल तर निदान दोन वर्षं, आणि चार वर्षांपेक्षा कमी असेल तर वय छापणं बंधनकारक आहे.

रानजाई

हो, लहानच होती! मला ती बघून गोड वाटली होती, दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवावीत अशी. आता उलगडा झाला.

पिंपळपान

एक मुद्दा मांडतो. २०२२ साली कंपारीने विल्डरनेस ट्रेलचा ७० टक्के हिस्सा ४२ कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. वाइल्ड टर्कीसुद्धा त्यांचीच. मग हिला क्राफ्ट कसं म्हणायचं? इटलीच्या बड्या कंपनीची भट्टी आहे ही. आपल्याकडे घरगुती मसाला म्हणून ज्याची ख्याती, तो मोठ्या कंपनीने विकत घेतला की आपण त्याला घरगुती म्हणतो का?

वळचणीचा_पाहुणा

पिंपळपान यांच्याशी शंभर टक्के सहमत.

पाणथळ

मुद्दा रास्त आहे आणि मलाही तो सतावतो. इथल्या क्राफ्टवाल्यांच्या संघटनेची मर्यादा वर्षाला साडेसात लाख प्रूफ गॅलनची (५० टक्के ताकदीच्या दारूचा एक गॅलन म्हणजे एक प्रूफ गॅलन) आहे. त्या आकड्याने बरेच मोठे लोकही क्राफ्टमध्ये बसतात, त्यामुळे तो आकडा मला फारसा उपयोगी वाटत नाही.

पण एक लक्षात घ्या. माझ्या पेल्यात जे आहे ते निदान चार वर्षांपूर्वी गाळलेलं. बर्बनमध्ये मालक बदलल्याचा परिणाम जिभेवर यायला वर्षं लागतात. तेव्हा मी परीक्षण करतोय ते त्या दोघांच्या हातचं. पुढे कुणी पिंपात भरायची ताकद ११० वरून १२५ वर नेली, किंवा स्वीट मॅश सोडून दिला, तर त्या दिवसापासून माझ्यासाठी ही वेगळी बर्बन असेल. नाव तेच राहिलं तरीही. अशी एक गोष्ट आधी घडून गेलीच आहे: लुईव्हिलजवळची स्टिट्झेल-वेलर भट्टी, १९३५ साली डर्बीच्या दिवशी सुरू झाली, गव्हाच्या बर्बनचं माहेरघर. तिथलं गाळणं १९९२ साली थांबलं. वेलर, ओल्ड फिट्झगेराल्ड ही नावं वेगवेगळ्या घरी गेली आणि आजही चांगली बर्बन त्या नावांनी निघते. पण तेव्हाच्या बाटल्या ज्यांनी चाखल्या ते दोन्हींना एक मानत नाहीत.

कोकमसार

यात गोव्याचाही एक धागा आहे. वेलर आता बफलो ट्रेसमध्ये बनते, ती साझरॅक कंपनीची. आणि आमच्या कुंकळ्ळीला पॉल जॉन बनवणाऱ्या जॉन डिस्टिलरीजमध्ये साझरॅकने २०१७ साली हिस्सा घेतला. पॉल जॉन जवाची सिंगल माल्ट, त्यामुळे चवीची तुलना नको. पण त्यांची बरीचशी दारू आधी बर्बन मुरवलेल्या पिंपांत मुरते. बर्बनला दर वेळी कोरं पिंप लागतं म्हणून एकदा वापरलेली पिंपं जगभर जातात. म्हणजे तुमच्या मक्याचा थोडा वास आमच्याकडे येतोच!

मधली_सुट्टी

इथे मुंबईत मिळते का? आणि कितीला?

पिंपळपान

ही विशिष्ट बाटली इथे दुकानात मी पाहिलेली नाही. मेकर्स मार्क मात्र मिळते, तिच्यापासून सुरुवात करा. बर्बनवरचा आयातकर फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० टक्क्यांवरून १०० वर आला, पण त्यावर राज्याचं उत्पादनशुल्क वेगळं लागतं. कुणी अमेरिकेहून येणार असेल तर माणशी दोन लिटर करमुक्त आणता येते. आणि महाराष्ट्रात परवाना काढून ठेवा.

पाणथळ

पाहुण्यांचं बोलणं मनातून जाईना, म्हणून काल रात्री ताडून पाहिलं. बायकोने तीन पेल्यांत ओतलं, खाली चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मला खोलीबाहेर बसवलं. एकात विल्डरनेस ट्रेल, एकात मेकर्स मार्क, एकात माझी नेहमीची राय असलेली बर्बन. पहिल्या दोन तिने पाणी घालून तिसरीच्या ताकदीला आणल्या होत्या, म्हणजे चाळीशीच्या जरा वर. तिने हे मोजून केलं, ती औषधनिर्माण शिकलेली आहे, तिच्या हातावर माझा विश्वास आहे.

राय पहिल्याच वासाला ओळखू आली. उरलेल्या दोघींत मात्र मी चुकलो. जी मला विल्डरनेस ट्रेल वाटली ती मेकर्स मार्क निघाली. पुन्हा एकदा बसलो. पाणी घातल्यावर दोघी बहिणीबहिणी होतात. फरक राहतो तो खारकेचा. विल्डरनेस ट्रेलमध्ये ते सुकं फळ शेवटपर्यंत सोबत राहतं. मेकर्स मार्कमध्ये गोडवा आधी येतो आणि आधीच निघून जातो.

म्हणून माझ्या मूळ लिखाणात एक दुरुस्ती: मी पोताला जे श्रेय दिलं होतं त्यातलं बरंचसं ५० टक्के ताकदीचं होतं. ताकद उतरवली की पोत सामान्य झाला. फळाचं श्रेय मात्र कायम. आणि पाहुणे, तिसऱ्या घोटाचा कंटाळा मला पाणी घातलेल्या पेल्यात खरंच आला. त्या बाबतीत तुमचं बरोबर. ही बाटली पाणी न घालता, थोडीशी, सावकाश. साठ डॉलरला पुन्हा घेईन, त्याहून जास्त मोजणार नाही.

वळचणीचा_पाहुणा

प्रामाणिकपणे लिहिलंत, आदर वाढला. ५० टक्क्यांची एक मीही आणतो. चाखून इथेच लिहीन.

पाणथळ

एक राहिलं. रात्री पेले तसेच ओट्यावर ठेवून झोपलो. आई सध्या आमच्याकडे आली आहे. सकाळी तिने विसळायला घेतले, विल्डरनेस ट्रेलचा पेला नाकाशी नेला आणि मला हाक मारली. म्हणाली, "अरे, याला पुरणाच्या पातेल्याचा वास येतोय." मी धावत जाऊन हुंगला. आठवडाभर मी जो शब्द शोधत होतो तो हाच.

उंबरठा

पुरण शिजतानाचा, की पातेलं खरवडतानाचा?

पाणथळ

आईला विचारून आलो. खरवडतानाचा. कडेला तांबूस धरलेलं, करपलेलं नाही.